लाइनर नवे, उत्पादन कमी: एका सॅग मिलचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण मध्य भारतातील एका तांबे खनिज प्रक्रिया प्रकल्पातील आहे. प्रकल्पाची ओळख पटू नये म्हणून ठिकाण आणि नावे दिलेली नाहीत आणि आकडे गोल केले आहेत. मोजमापांचे परस्परांशी असलेले नाते मात्र होते तसेच ठेवले आहे.

खाणीतून आलेला दगड प्राथमिक क्रशरमधून गेल्यावर एका सेमी-ऑटोजेनस मिलमध्ये, म्हणजे ज्याला सगळे ‘सॅग मिल’ म्हणतात त्या यंत्रात, दळला जात असे. मिलचा आतील व्यास ७.३ मीटर (२४ फूट) आणि लांबी ३ मीटर होती. दळण्याचे काम काही अंशी खनिजाचेच मोठे दगड करीत आणि उरलेले १२५ मिलिमीटर व्यासाचे पोलादी गोळे. असा एक गोळा साधारण ८ किलोचा भरतो. मिलची मोटर एकाच वेगाने चालणारी असल्यामुळे मिल मिनिटाला १२ फेरे घेई आणि त्यात कमीजास्त करण्याची सोय नव्हती.

मिलच्या शेलला, म्हणजे बाहेरच्या पिंपाला, आतून संरक्षण देणारे पोलादी अस्तर म्हणजे लाइनर. त्याची कामे दोन. एक, शेल झिजू न देणे. दुसरे, आतला दगड-गोळ्यांचा भार वर उचलून खाली टाकणे. पहिले काम सपाट पट्ट्या करतात आणि दुसरे काम त्या पट्ट्यांमधून उभ्या राहिलेल्या लिफ्टरच्या दांड्या करतात. खरेदी विभागाच्या फाइलमध्ये या दोन कामांपैकी फक्त पहिल्याची दखल होती, आणि या प्रकरणाचे मूळ बऱ्याच अंशी तिथेच होते.

मूळ रचनेत शेलवर बोल्टच्या ४८ ओळी होत्या. व्यासाच्या फुटांच्या दुप्पट ओळी हा जुना सर्वसाधारण ठोकताळा आहे आणि त्यानुसार हा आकडा बरोबरच होता. प्रत्येक ओळीत एक पट्टी आणि तिच्याशेजारी एक लिफ्टर, असे लांबीत दोन-दोन तुकडे धरले तर शेलचे एकूण १९२ तुकडे होत. लिफ्टर पट्टीपासून १५० मिलिमीटर उंच होते. त्यांचा पुढचा चेहरा जवळजवळ सरळ उभा, त्रिज्येशी जेमतेम ८ अंशांचा कोन करणारा होता. धातू क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद, कठिणता साधारण ३२५ ते ३७५ ब्रिनेल (धातूची कठिणता मोजण्याचे माप). ओतकाम पश्चिम महाराष्ट्रातील एका फाउंड्रीत होत असे. करार किलोच्या दराने होता आणि फाउंड्रीने ८ महिन्यांच्या आयुष्याची हमी दिलेली होती.

अडचण

प्रत्यक्षात संच ६ महिन्यांच्या वर टिकत नव्हता. लिफ्टरचे कोपरे तुटत, पट्ट्यांवर वाटीएवढे खळगे पडत, बोल्ट सैल होऊन त्यांच्या भोकांतून काळपट गाळ शेलवर ओघळू लागे. दर आठवड्याला दहा-बारा बोल्ट कसावे लागत आणि प्रत्येक वेळी मिल थांबवावी लागे. ट्रॉमेलच्या, म्हणजे मिलच्या बाहेर पडण्याच्या टोकाशी असलेल्या फिरत्या चाळणीच्या, तोंडाशी गोळ्यांच्या ढलप्या सापडत. गोळ्यांचा खप वाढला की गोळे पुरवणाऱ्याला दोष दिला जाई आणि लिफ्टर तुटला की फाउंड्रीला.

या तक्रारींवर आधीच्या वर्षी एक उपाय करून झालेला होता. ‘झिजते ना, मग अधिक कठीण धातू घ्या’ या सरळ हिशेबाने सहा ओळींतील लिफ्टर उच्च-क्रोमियम पांढऱ्या बिडाचे, सुमारे ६०० ब्रिनेल कठिणतेचे, बसवले गेले. घासटीने होणाऱ्या झिजेला हा धातू उत्तम तोंड देतो, पण तो ठिसूळ असतो. तिसऱ्या आठवड्यात त्या लिफ्टरचे वरवंट्याएवढे तुकडे ट्रॉमेलमधून बाहेर पडू लागले. त्यांपैकी एकाने परतीच्या कन्व्हेयरचा पट्टा जवळपास दोन मीटर फाडला, तेव्हा तो प्रयोग बंद झाला. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र ‘फाउंड्रीचे ओतकाम खराब’ एवढाच होता. कठीण धातू फुटला याचा अर्थ तिथे घासटीपेक्षा आघात मोठा आहे, हे त्या तुकड्यांनीच सांगितले होते. त्या वेळी ते कोणी वाचले नाही.

आम्हाला सल्लागार म्हणून बोलावले गेले ते ‘योग्य धातू सुचवा’ एवढ्याच कामासाठी. पहिल्या दिवशी नियंत्रण कक्षातील नोंदी चाळताना एक गोष्ट लक्षात आली, जी तिथल्या लोकांना इतकी सवयीची झाली होती की ती अडचण आहे असे कोणाला वाटतच नव्हते. नवा संच बसवल्यावर पहिले पाच-सहा आठवडे मिल तासाला १६५ ते १७० टनांच्या वर जात नसे. पुढे हळूहळू आकडा चढत जाई आणि लाइनर काढायची वेळ आली की २०५ टनांपर्यंत पोहोचे. मुख्य फिटर मूळचे गोंदियाकडचे. त्यांनी हे एका वाक्यात सांगितले: “साहेब, नवा संच म्हणजे नवी चप्पल. चावायची थांबते तोवर फाटायला येते.”

मिल सर्वांत चांगली चालते तेव्हाच तिचे अस्तर काढून टाकायचे आणि जिथून ती सर्वांत वाईट चालणार आहे तिथे पुन्हा सुरुवात करायची, असे वर्षातून दोनदा घडत होते.

आत शिरून पाहिल्यावर

पहिला निर्णय धातूची चर्चा बाजूला ठेवून मिलच्या आत काय घडते ते पाहण्याचा होता. त्यासाठी नवा संच बसून तीन आठवडे झाले असताना मिल चालू भारासह एकदम थांबवली, म्हणजे खनिज, पाणी आणि मिल एकाच क्षणी बंद केली. नेहमी मिल थांबवण्याआधी आतला दगड दळून संपवला जाई. त्यामुळे आत उतरणाऱ्याला फक्त गोळे आणि लाइनर दिसत, चालताना असणारा भार कधीच दिसत नसे. उत्पादन विभागाचा या थांबण्याला विरोध होता, कारण भरलेली मिल पुन्हा सुरू करताना मोटरवर ताण येतो. शेवटी एका नियोजित बंदच्या सुरुवातीला, विद्युत विभागाच्या देखरेखीखाली, परवानगी मिळाली.

वीज तोडून, कुलपे लावून, आतली हवा तपासून माणसे आत गेली. शेलच्या माथ्यापासून भाराच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर टेपने तीन ठिकाणी मोजले. मिलच्या आकारमानाच्या १७ ते १८ टक्केच भार होता. नंतर दगड दळून संपवल्यावर गोळे १२ टक्के भरले. म्हणजे गोळ्यांच्या वर दगडाचा थर म्हणावा असा थरच नव्हता. नियंत्रण कक्षाच्या समजुतीनुसार मिल २५ टक्के भरलेली होती.

हा फरक कुठून आला ते शोधताना दुसरी गोष्ट हाती लागली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. मिल किती भरली आहे हे चालक ट्रनियन बेअरिंगच्या, म्हणजे मिलचे सगळे वजन पेलणाऱ्या टोकांच्या बेअरिंगच्या, तेलाच्या दाबावरून ठरवत. दाब वाढला की मिल जड झाली असे समजून फीड (आत सोडले जाणारे खनिज) कमी करायचे आणि दाब उतरला की वाढवायचे. दाबाचे लक्ष्य वर्षानुवर्षे एकच होते. पण तो दाब भाराबरोबर शेलचे आणि लाइनरचेही वजन सांगतो. शेलच्या लाइनरचा नवा संच साधारण ६५ टनांचा होता आणि काढायच्या वेळी त्यातले २० टनांहून अधिक पोलाद झिजून गेलेले असे. लाइनर नवे असताना तोच दाब राखायचा म्हणजे तेवढे २० टन भारातून वजा करायचे. गोळे तर मोजून टाकलेले असतात, ते कमी होत नाहीत. वजा होतो तो दगड आणि त्याबरोबरचा गाळ. या मिलचे आतले आकारमान सुमारे ११९ घनमीटर. २० टन दगड आणि गाळ म्हणजे त्याचे ७ ते ८ टक्के. २५ आणि १७ टक्क्यांमधली तूट इथे नेमकी बसली.

तिसरी गोष्ट लिफ्टरच्या चेहऱ्याची. मिलचा क्रांतिक वेग, म्हणजे ज्या वेगाला गोळा शेलला चिकटून पूर्ण फेरी घेईल तो वेग, ४२.३ ला व्यासातून गोळ्याचा व्यास वजा करून आलेल्या मीटरमधील आकड्याच्या वर्गमुळाने भागले की मिळतो. लाइनरच्या आतील व्यास ७.१२ मीटर धरला तर तो मिनिटाला १६ फेरे येतो. १२ फेरे म्हणजे त्याचे ७५ टक्के. या वेगाला ८ अंशांच्या उभ्या चेहऱ्यावरून गोळा कधी सुटतो आणि कुठे पडतो याचा हिशेब साध्या गणकपत्रकावर (स्प्रेडशीटवर) मांडता येतो. मिल घड्याळाच्या दिशेने फिरते आहे असे समजून घड्याळाच्याच भाषेत सांगायचे तर भाराचा पायथा, ज्याला प्रकल्पात ‘टो’ म्हणतात, पावणेपाच ते पाचच्या दरम्यान येतो. नव्या लिफ्टरवरून सुटलेला गोळा चारच्या आसपास, म्हणजे पायथ्याच्या बराच वर, उघड्या लाइनरवर आदळत होता. ८ किलोचा गोळा सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने पोलादावर पडतो, मध्ये दगड नसतो. शेलची प्रत्येक ओळ दर ५ सेकंदांनी त्या ठिकाणावरून जाते, त्यामुळे खळगे एका जागी न दिसता सगळीकडे दिसत आणि म्हणून ते ‘सर्वसाधारण झीज’ समजले जात.

लिफ्टर झिजू लागला की त्याचा चेहरा आपोआप कलता होतो, उंची घटते आणि गोळा लवकर सुटून पायथ्याकडे पडू लागतो. शिवाय लाइनर हलके झाल्यामुळे त्याच दाबाला मिल जास्त भरते आणि पायथा वर सरकतो. चप्पल चावायची का थांबते, याचे उत्तर असे दुहेरी होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय धातू बदलण्याचा. उच्च-क्रोम बिडाचा अनुभव ताजा होता. मँगनीज पोलादाचे नाव बैठकीत आलेच. रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये शोधलेले हे पोलाद आघाताने पृष्ठभागावर कठीण होत जाते आणि फुटत नाही, त्यामुळे या मिलसाठी ते योग्य वाटणे स्वाभाविक होते. पण ते आघाताखाली पसरते. शेजारचे तुकडे एकमेकांत आवळून बसतात आणि काढताना घण चालवूनही निघत नाहीत. मोठ्या सॅग मिलमधून ते मागे पडण्याचे हे एक कारण आहे. शिवाय चुकीच्या जागी पडणारा गोळा सोसणारा धातू शोधणे म्हणजे गळक्या छपराखाली अधिक चांगले भांडे शोधणे होय, असे आमचे मत होते.

दुसरा पर्याय वेग कमी करण्याचा. वेग बदलणारा ड्राइव्ह बसवला असता तर नव्या लाइनरला मिल हळू चालवून आणि झिजल्यावर वेग वाढवून दोन्ही टोके सांभाळता आली असती. तांत्रिकदृष्ट्या हाच सर्वांत स्वच्छ उपाय होता. पण त्याचा खर्च भांडवली मंजुरीच्या कक्षेत जात होता आणि वाट वर्षभराची होती. पिनियन (मिल फिरवणारे छोटे दातेचाक) बदलून वेग कायमचा उतरवणे स्वस्त होते, पण मग झिजलेल्या लाइनरला मिल सुस्त पडली असती.

रबर आणि पोलाद यांचे संमिश्र लाइनर हा तिसरा पर्याय. वजन कमी, आवाज कमी, बसवायला सोपे. १२५ मिलिमीटर गोळ्यांचा थेट मारा चालू असताना ते सुचवण्याचे धाडस आम्हाला झाले नाही, आणि मारा थांबल्यावर त्यांची गरज किती उरेल हाही प्रश्न होता.

चौथा पर्याय आकार बदलण्याचा होता: लिफ्टरचा चेहरा कलता करायचा आणि लिफ्टरमधले अंतर वाढवायचे. दोन लिफ्टरमधील मोकळी जागा भागिले लिफ्टरची उंची हे गुणोत्तर जुन्या रचनेत २.२ च्या आसपास होते. ते इतके कमी असले की दोन लिफ्टरच्या सांदीत बारीक माल घट्ट बसतो आणि उचलण्याचे काम होतच नाही. नव्या संचाच्या पहिल्या आठवड्यांत ते होत होते, हेही मिलमध्ये उतरल्यावर दिसले होते. सांद्या भरलेल्या होत्या आणि लिफ्टरचा फक्त वरचा काठ उघडा होता. नव्वदच्या दशकाअखेरीपासून दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील मोठ्या सॅग मिलनी ओळी कमी करण्याची आणि चेहरा २५ ते ३५ अंशांपर्यंत कलता करण्याची वाट धरली होती, त्यामुळे आम्ही काही नवे सुचवत नव्हतो.

निर्णय

चौथा पर्याय निवडला गेला, पण बैठकीतून तो सहज निघाला नाही. फाउंड्रीचे म्हणणे असे, की २४ उंच लिफ्टरना पूर्वीच्या ४८ चे काम करावे लागेल, प्रत्येकाची झीज वेगाने होईल, म्हणून हमी देता येणार नाही. हे म्हणणे खरे होते. खरेदी विभागाचे म्हणणे असे, की हमीशिवाय माल घेण्याची पद्धत नाही. यांत्रिक विभागप्रमुखांनी इथे विचारलेला प्रश्न निर्णायक ठरला: लाइनर किती महिने टिकला यावर पैसे मोजायचे की त्याच्यावरून किती टन खनिज दळून गेले यावर? दर टनामागे लाइनर, गोळे आणि थांबलेले तास असा एकत्र हिशेब मांडल्यावर लाइनरच्या किमतीपेक्षा पहिल्या सहा आठवड्यांत गमावलेले उत्पादन महाग असल्याचे कागदावर दिसले. पहिला संच हमीशिवाय, जुन्याच किलोच्या दराने घ्यायचे ठरले.

दुसरा वाद ओळींच्या संख्येचा होता. ४८ च्या जागी २४ ओळींत रुंद तुकडे घेतले असते तर प्रत्येक तुकडा साधारण १.३ ते १.४ टनांचा झाला असता, आणि प्रकल्पाकडील लाइनर बसवण्याचे यंत्र १ टनच उचलत होते. म्हणून एक उंच, एक बुटका अशी आलटून-पालटून रचना ठरली. प्रत्येक तुकड्यात पट्टी आणि लिफ्टर एकसंध. उंच तुकडा सुमारे ९१५ किलो, म्हणजे यंत्राच्या मर्यादेत. एकूण तुकडे १९२ वरून ९६ वर आले. उंच लिफ्टर पट्टीपासून २०० मिलिमीटर. पुढचा चेहरा २५ अंश. मिल नेहमी एकाच दिशेने फिरत असल्यामुळे मागचा चेहरा १२ अंशांवरच ठेवला, म्हणजे लिफ्टरच्या बुडाशी धातू वाचला. गोळा पावणेपाचच्या आसपास पडेल असा हिशेब आला. मंडळींपैकी काहींना ३० अंश हवे होते. वेग ७५ टक्क्यांवर अडकलेला असताना लिफ्टर झिजल्यावर उचल फारच कमी होईल या भीतीने आम्ही २५ वर थांबलो.

एका-एका गोळ्याऐवजी सगळ्या भाराची हालचाल मोजणारी डीईएम (डिस्क्रीट एलिमेंट मेथड) ही संगणकीय पद्धत वापरावी का, हाही प्रश्न आला. बी. के. मिश्रा आणि आर. के. राजमणी यांनी यूटा विद्यापीठात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत दळणाच्या मिलकडे आणली आणि आता ती सर्वत्र वापरली जाते. इथे पुढच्या शटडाउनच्या तारखेत तिला लागणारा वेळ बसत नव्हता. गणकपत्रकावर भागवले.

धातू मुद्दाम तोच ठेवला. आकारामुळे काय बदलले ते स्वच्छ कळावे, हा हेतू होता.

कार्यवाही

साच्याचे काम सुरू झाल्यावर फाउंड्रीच्या लोकांनी एक रास्त शंका काढली. पट्टीची ८० आणि लिफ्टरची २०० मिळून २८० मिलिमीटर जाडी होते. इतक्या जाड भागात आत आकुंचनाची पोकळी राहू शकते आणि उष्णतोपचारात गाभा सावकाश थंड झाल्याने मऊ राहतो. एक तुकडा मुद्दाम ओतून कापून पाहिला. पोकळी नव्हती. कठिणता मात्र पृष्ठभागावर ३५० ब्रिनेल आणि गाभ्यात ३०० च्या आसपास होती. ते स्वीकारून पुढे गेलो, कारण लिफ्टरचा गाभा आयुष्याच्या उत्तरार्धातच उघडा पडतो.

दाबाच्या लक्ष्याचा तक्ता दुसरीकडे तयार झाला. नव्या लाइनरला लक्ष्य वर, आणि जितके टन दळून झाले त्या प्रमाणात ते पायरी-पायरीने खाली. चालकांना हे पटवायला आठवडाभर लागला, कारण त्यांच्या दृष्टीने वाढलेला दाब म्हणजे मिल भरून अडकण्याची भीती. एक ज्येष्ठ पाळीप्रमुख म्हणाले, “रात्री तीनला मिल पोटभर झाली तर तुम्ही येणार आहात का?” प्रश्न योग्य होता. म्हणून शेलच्या बाहेर, चारच्या जागेसमोर, आवाज मोजणारा सेन्सर लावला. गोळे लाइनरवर पडू लागले की आवाजाची पातळी चढते आणि मिल जास्त भरली की ती दबते. दाब आणि आवाज असे दोन साक्षीदार मिळाल्यावर चालक निश्चिंत झाले.

रिलाइनिंगच्या, म्हणजे नवे लाइनर बसवण्याच्या, वेळी एक चूक थोडक्यात वाचली. पुढचा आणि मागचा चेहरा वेगवेगळ्या कोनांचा असल्यामुळे प्रत्येक तुकडा एकाच बाजूने बसणार होता, पण बोल्टची भोके सममितीत होती, म्हणजे तुकडा उलटाही बसत होता. सकाळच्या पाळीने तीन उंच तुकडे उलटे बसवले. चौथा वर जात असताना मुख्य फिटरांनी खिशातला खडू काढून शेलवर फिरण्याच्या दिशेचा बाण काढला, हाताने तुकड्याचा उतार चाचपला आणि यंत्र थांबवले. तीन तुकडे काढून फिरवण्यात पाच तास गेले. पुढच्या संचापासून बाण साच्यातच कोरलेला आहे.

झिजेची मोजणीही बदलली. पूर्वी बोल्टजवळ एक-दोन ठिकाणी जाडी घेत. आता प्लायवूडचे साचे कापून प्रत्येक थांबण्याच्या वेळी चार ठरलेल्या ओळींचा पूर्ण आकार कागदावर उतरवला जाऊ लागला. फीडच्या टोकापासून डिस्चार्जच्या टोकापर्यंत झीज सारखी नसते, हे त्या कागदांवर पहिल्यांदा दिसले.

परिणाम

पहिल्या आठवड्यात तासाला १९० टनांवर मिल स्थिर झाली. नव्या संचाची ती जुनी घसरण आली नाही. शेलजवळ उभे राहून बोलता येऊ लागले, ही कामगारांनी स्वतःहून सांगितलेली गोष्ट. बोल्ट कसण्याची कामे आठवड्याला दोन-तीनवर आली. गोळ्यांचा खप दर टनामागे सुमारे एक षष्ठांशाने घटला. तुकडे निम्मे झाल्यामुळे रिलाइनिंगचा वेळ चार दिवसांवरून अडीच दिवसांवर आला.

पण संच साडेसहा महिनेच टिकला, आणि तो अनपेक्षित जागी संपला. लिफ्टरमध्ये धातू शिल्लक होता. पट्ट्या संपल्या. उंच लिफ्टरमधले अंतर वाढल्यामुळे बुटक्या ओळींवरून भार घसरत होता आणि मधल्या भागात पट्टी आघाताने नव्हे तर घासटीने पातळ होत होती. एक झीज कमी केली आणि दुसरी वाढवली, असे झाले. दुसऱ्या संचात बुटक्या तुकड्यांची पट्टी ८० वरून १०० मिलिमीटर केली आणि तेवढे वजन उंच लिफ्टरच्या मागच्या बाजूने काढून घेतले. हा संच साडेआठ महिने चालला.

दुसरे आश्चर्य शेवटच्या महिन्यांत आले. पूर्वी मिल अखेरीस सर्वांत जोरात चाले. आता सहाव्या-सातव्या महिन्यानंतर उत्पादन तासाला १८० टनांपर्यंत उतरू लागले. चेहरा आधीच कलता असल्याने झिजून तो ४५ अंशांच्या पलीकडे जाई, उचल उरत नसे आणि मऊ गाभाही तोवर उघडा पडलेला असे. एकच वेग असलेल्या मिलमध्ये चांगल्या दिवसांची खिडकी आम्ही अखेरीकडून मध्यावर आणली होती. ती रुंद झाली, पण टोके राहिलीच.

आज पुन्हा करायचे झाल्यास

धातू तोच ठेवून आकाराचा परिणाम स्वच्छ पाहायचा असे ठरवले आणि त्याच दिवशी दाबाचे लक्ष्यही बदलले, ही आमची सर्वांत ठळक चूक. पहिल्या आठवड्यांत वाढलेल्या २० ते २५ टनांपैकी किती कलत्या चेहऱ्यामुळे आणि किती केवळ मिल नीट भरल्यामुळे, हे आज कोणालाही सांगता येत नाही. दाबाचा तक्ता बनवायला पैसे लागत नव्हते. तो जुन्या संचावर आधी दोन महिने लावून पाहिला असता तर कदाचित लाइनरचा बदल इतका घाईचा ठरला नसता. उत्पादन विभागाला दोन्ही लाभ लगेच हवे होते आणि आम्ही त्यांना अडवले नाही.

भरलेली मिल थांबवून पाहणे हे काम वर्षभर आधी व्हायला हवे होते, विशेषतः पांढऱ्या बिडाचे तुकडे पडले त्याच आठवड्यात. तेव्हा आत उतरलेल्या माणसांना पट्ट्यांवरचे खळगे दिसले होते, पण भार दिसला नव्हता.

पट्ट्यांची झीज आम्ही कमी लेखली. अंतर वाढवले की पट्टीवर घासट वाढते ही माहिती आमच्याकडे होती, परंतु सगळे लक्ष लिफ्टरवर होते. डीईएमसाठी पुढच्या शटडाउनपर्यंत थांबलो असतो तर ही गोष्ट बहुधा आधी दिसली असती. उलट, न थांबल्यामुळे सहा महिन्यांचे उत्पादन वाचले. या मुद्द्यावर आमच्यातच एकमत नाही, आणि माझा कौल न थांबण्याच्या बाजूने आहे.

हमीचा प्रश्नही अर्धाच सुटला. तिसऱ्या संचापासून फाउंड्रीचे देयक दळलेल्या टनांशी जोडले गेले. त्यामुळे फाउंड्रीला आता फीडची कठिणता, मिलचा भार आणि गोळ्यांचा आकार जाणून घ्यायचा आहे, आणि प्रकल्पाला ती माहिती बाहेर द्यायची नाही. दरम्यान वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा प्रस्ताव दुसऱ्यांदा मंजुरीसाठी गेला आहे. या वेळी त्याला प्लायवूडच्या साच्यांवरून काढलेले झिजेचे आकार आणि शेवटच्या दोन महिन्यांचे उतरते आकडे जोडले आहेत. चौथ्या संचाचा चेहरा ३० अंश ठेवायचा की २५, हे त्या मंजुरीवर अवलंबून आहे, म्हणून फाउंड्रीने साचा अजून कापलेला नाही.